मुलांच्या हाती मोबाईल, पालकांच्या हाती किल्ली

(बालमार्गदर्शन विभागाकडून)

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात शस्त्रक्रियांची संख्या, नवी यंत्रसामग्री, जमाखर्च आणि देणगीदारांची नामावली असावी, असा संकेत आहे. त्यात मुलांच्या मोबाईल-वापरासंबंधी स्वतंत्र लेख कशासाठी, असा प्रश्न काही सुहृदांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. गेल्या काही वर्षांत या कारणासाठी मूल घेऊन येणारे पालक आमच्या विभागात नित्याचे झाले आहेत, हे त्याचे एक उत्तर. दुसरे उत्तर पुढील प्रसंगात आहे. संबंधित कुटुंबाची ओळख उघड होऊ नये म्हणून त्यातील काही तपशील बदलले आहेत.

एक प्रसंग

एक अल्पभूधारक शेतकरी आपल्या पत्नीला गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात घेऊन आले. सोबत सातवीत शिकणारा मुलगा होता. घरी त्याला सांभाळणारे कोणी नव्हते. आई कक्षात, वडील तपासण्या आणि औषधांच्या धावपळीत, आणि मुलगा व्हरांड्यातील बाकावर घरातला एकुलता एक मोबाईल घेऊन, असे तीन दिवस गेले. मुलगा एका जागी शांत बसतो, कोणाला त्रास देत नाही, याचे सर्वांना बरेच वाटले. आमच्या परिचारिकांनीही त्याचे कौतुक केले होते, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.

चौथ्या दिवशी सकाळी वडील अनामत रक्कम भरण्यासाठी खिडकीशी गेले, तेव्हा खात्यात पुरेसे पैसे नसल्याचे कळले. नातेवाईक आणि शेजारी यांनी मिळून पाठविलेल्या अठरा हजारांपैकी साडेअकरा हजारांहून अधिक रक्कम गेली होती. मुलाने एका खेळात लागणारे 'हिरे' विकत घेतले होते. कधी ऐंशी रुपयांचे, कधी चारशेंचे, कधी आठशेंचे. वडिलांना लिहिण्यावाचण्याचा सराव नसल्यामुळे वीजबिल, खतांचे पैसे, किराणा हे सारे व्यवहार मोबाईलवर मुलगाच करीत असे, आणि त्यामुळे बँकेचा गुप्त क्रमांक त्याला तोंडपाठ होता. प्रत्येक व्यवहारानंतर बँकेचा संदेश येत होता. पण तो ज्या फोनवर येत होता, तो फोन मुलाच्याच हातात होता.

वडिलांचा हात उठला. कक्षातील परिचारिकाताईंनी मध्ये पडून मुलाला बाजूला नेले. तो एकच वाक्य पुनःपुन्हा म्हणत होता, "ते पैसे खरे वाटलेच नाहीत."

शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी झाली. आपणां देणगीदारांच्या साहाय्यातून उभ्या राहिलेल्या रुग्ण साहाय्य निधीतून अनामत रकमेची सोय झाली आणि ती माउली बरी होऊन घरी गेली. खरेदी रद्द करण्यासाठी अर्ज केल्यावर रकमेचा काही भाग परत मिळाला, उरलेला बुडाला. मात्र घरी निघेपर्यंत बाप-लेक एकमेकांशी एक शब्दही बोलले नाहीत. पैशांची तूट निधीतून भरून निघाली. ही दुसरी तूट भरून काढण्यास आमच्या समुपदेशकांना पुढे कित्येक भेटी खर्चाव्या लागल्या.

हा मुलगा स्वभावाने वाईट नव्हता आणि वडीलही निष्काळजी नव्हते. ज्या वस्तूत घरचा सारा पैसा ठेवलेला होता, तीच वस्तू खेळणे म्हणून मुलाच्या हातात दिलेली होती आणि तिला एकही कुलूप लावलेले नव्हते. अशी कुलपे बहुतेक फोनमध्ये मुळातच असतात आणि त्यांना वेगळे पैसे पडत नाहीत. ती कोणती, कोठे असतात आणि त्यांवर किती विसंबावे, हे सांगणे हा या लेखाचा हेतू आहे.

मूल खेळातून उठत का नाही?

विटीदांडू, आट्यापाट्या किंवा पत्ते या खेळांना शेवट असतो. अंधार पडतो, डाव संपतो, भिडू घरी जातात. मोबाईलवरील अनेक खेळ मात्र शेवट येऊ नये अशाच रीतीने रचलेले असतात. एक पायरी संपते तोच दुसरी उघडते. रोज हजेरी लावली तर बक्षीस आणि एक दिवस चुकला तर साखळी तुटते. संघाने खेळावयाच्या खेळात मध्येच उठणे म्हणजे सवंगड्यांना अडचणीत टाकणे. म्हणून आईची हाक आली की "एवढा डाव संपू दे" हे उत्तर येते आणि मुलाच्या दृष्टीने ते खोटे नसते.

याहून प्रभावी युक्ती म्हणजे अनिश्चित बक्षीस. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी विसाव्या शतकात उंदीर आणि कबुतरे यांच्यावर केलेल्या प्रयोगांतून हे दाखवून दिले की, कळ दाबल्यावर दर वेळी दाणा मिळण्यापेक्षा तो केव्हा मिळेल याचा नेम नसला, तर प्राणी ती कळ अधिक चिकाटीने दाबत राहतो. खेळांतील बंद पेटीत काय निघेल हे आधी कळत नाही, याचे मर्म येथे आहे. बेल्जियमच्या जुगार नियामक मंडळाने २०१८ साली पैसे देऊन उघडावयाच्या अशा पेट्यांना जुगाराच्या व्याख्येत बसविले, ते याच कारणास्तव.

'हिरे' किंवा 'नाणी' यांचाही असाच हेतू असतो. रुपये एकदा हिऱ्यांत बदलले की, आपण किती खर्च करीत आहोत याची जाणीव बोथट होते. आमच्या त्या मुलाचे "खरे वाटलेच नाहीत" हे उद्गार त्या रचनेचे अचूक वर्णन होते.

दुसरी बाजू मेंदूच्या वाढीची. तात्कालिक मोह आवरणे, परिणामांचा विचार करणे, हाती घेतलेले काम थांबविणे ही कार्ये मेंदूच्या कपाळामागील भागाकडे असतात. हा भाग सर्वांत उशिरा, म्हणजे वयाच्या पंचविशीच्या आसपास परिपक्व होतो. जी गोष्ट थांबविणे प्रौढांनाही जड जाते, ती दहा वर्षांच्या मुलाने केवळ मनोनिग्रहाने थांबवावी, ही अपेक्षा म्हणूनच अवाजवी आहे. मुलाचा निग्रह जेथे अपुरा पडतो, तेथे काही काळ बाहेरून आधार द्यावा लागतो. सायकल शिकताना मागून धरतात, तसाच हा आधार होय.

सवय कोणती, आजार कोणता?

मोबाईलवर खेळणारे प्रत्येक मूल आजारी नसते, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. खेळ हा बाल्याचा धर्म आहे. माफक प्रमाणात खेळले जाणारे अनेक खेळ बुद्धीला चालना देतात आणि दूरच्या मित्रांशी नाते टिकवितात. घाबरून प्रत्येक मुलावर 'व्यसनी' असा शिक्का मारणे हेही अपायकारकच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती मे २०१९ मध्ये जागतिक आरोग्य सभेने संमत केली व ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीत खेळांच्या विकाराचा समावेश आहे. त्याची तीन लक्षणे सांगितली आहेत. पहिले, खेळ केव्हा सुरू करावा, किती वेळ खेळावे, केव्हा थांबवावे यांवरील ताबा सुटणे. दुसरे, इतर आवडीनिवडी आणि दैनंदिन कर्तव्ये यांच्यापेक्षा खेळाला उत्तरोत्तर अग्रक्रम मिळणे. तिसरे, दुष्परिणाम दिसत असूनही खेळ चालू राहणे किंवा वाढणे. ही स्थिती सामान्यतः किमान बारा महिने असावी आणि तिच्यामुळे कुटुंब, शिक्षण अथवा सामाजिक जीवन यांत ठळक बिघाड झालेला असावा, तेव्हाच तज्ज्ञ हे निदान करतात.

बेंगळुरू येथील निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने तंत्रज्ञानाच्या आरोग्यपूर्ण वापरासाठी २०१४ सालीच स्वतंत्र सेवा सुरू केली. तेव्हा हा प्रश्न महानगरांपुरता आहे, असे अनेकांना वाटत असे. मार्च २०२० नंतर शाळा बंद झाल्या, वर्ग मोबाईलवर भरू लागले, आणि ज्या घरांत मुलांच्या हाती फोन दिला जात नसे तेथेही तो अभ्यासाच्या निमित्ताने गेला. शाळा पुन्हा उघडल्या. फोन मात्र पुष्कळ घरांत मुलांच्याच हाती राहिला.

वेळेचे माप

भारतीय बालरोगतज्ज्ञ अकादमीने २०२१-२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील बालकांना कोणताही पडदा दाखवू नये. नातेवाइकांशी अधूनमधून होणारे दृक्‌संभाषण एवढाच अपवाद. दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला कमाल एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली. पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी दोन तासांपेक्षा कमी. त्यापुढील वयात तासांपेक्षा समतोलाला महत्त्व दिले आहे: झोप, अभ्यास, मैदानी खेळ, कुटुंबीयांशी संवाद यांची जागा पडद्याने घेता कामा नये.

हा समतोल तपासण्याची सोपी कसोटी झोपेची. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप आवश्यक असते. रात्री उशिरापर्यंत डोळ्यांसमोर राहणारा प्रकाश झोपेस साहाय्य करणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाची निर्मिती मंदावतो. खेळातील उत्तेजना त्यात भर घालते. सकाळी न उठणारे, वर्गात पेंगणारे, चिडचिडे मूल तपासणीसाठी आणले जाते, तेव्हा आमचे बालरोगतज्ज्ञ रक्ततपासणीबरोबरच "रात्री फोन कोठे असतो?" हाही प्रश्न विचारतात. पुष्कळदा त्याचे उत्तर "उशीखाली" असे मिळते.

पालक-नियंत्रण: चार दारे, चार कुलपे

ज्याला 'पेरेंटल कंट्रोल' म्हणतात, ते म्हणजे मुलाच्या वापरावर मर्यादा घालण्यासाठी फोन, ॲप, खेळाचे यंत्र किंवा दूरचित्रवाणी संच यांत दिलेली सोय. मोबाईलला चार दारे आहेत असे समजावे: वेळ, आशय, अनोळखी माणसे आणि पैसा. प्रत्येक दाराला स्वतंत्र कुलूप लावावे लागते. एक लावले म्हणून उरलेली आपोआप बंद होत नाहीत.

पहिले कुलूप वेळेचे. मुलाचा स्वतंत्र अँड्रॉइड फोन असल्यास गूगलचे 'फॅमिली लिंक' हे ॲप विनामूल्य मिळते. मुलाच्या नावाने, त्याच्या खऱ्या जन्मतारखेसह खाते उघडून ते पालकांच्या खात्याशी जोडावे. त्यानंतर पालकांना आपल्या फोनवरून रोजच्या वापराची मर्यादा ठरविता येते, रात्री फोन बंद होण्याची वेळ नेमता येते आणि एकेका ॲपला वेगळी मर्यादा घालता येते. वेळ संपली की मुलाचा फोन कुलूपबंद होतो. मात्र येणारा फोन घेता येतो आणि आणीबाणीचा क्रमांक लावता येतो. ॲपलच्या आयफोनमध्ये ही सोय सेटिंग्जमधील 'स्क्रीन टाइम' या सदरात २०१८ पासून आहे. तिच्यासाठी फोन उघडण्याच्या क्रमांकाहून निराळा गुप्त क्रमांक ठेवणे अगत्याचे आहे. अँड्रॉइडमधील 'डिजिटल वेलबीइंग' या सदरातही वेळ ठरविता येते. परंतु तेथील मर्यादा मूल स्वतःच काढून टाकू शकते. ती सोय मोठ्यांनी स्वतःला आवर घालण्यासाठी आहे, मुलांवरील नियंत्रणासाठी नव्हे.

दुसरे कुलूप आशयाचे. प्ले स्टोअरवरील प्रत्येक खेळाला तीन, सात, बारा, सोळा किंवा अठरा वर्षांपुढील असे वयाचे चिन्ह असते. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमधील पालक-नियंत्रण सुरू करून योग्य वय निवडले की, त्याहून वरच्या वयाची ॲप उतरविता येत नाहीत. जी आधीच फोनमध्ये आहेत, ती मात्र पालकांनी स्वतः पाहून काढावीत. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी 'यूट्यूब किड्स' हे वेगळे ॲप आहे. त्यात वयोगट निवडता येतो, शोध बंद करता येतो आणि वेळही लावता येते.

तिसरे कुलूप अनोळखी माणसांचे. अनेक खेळांत खेळता खेळता बोलण्याची सोय असते आणि समोरचा 'मित्र' दहा वर्षांचा आहे की चाळीस वर्षांचा, हे मुलाला कळत नाही. खेळाच्या सेटिंग्जमध्ये संभाषण आणि मैत्रीच्या विनंत्या बंद किंवा मर्यादित करण्याची तरतूद बहुधा असते. ती शोधून वापरावी. खरे नाव, शाळा, पत्ता, छायाचित्र खेळात कोणालाही द्यावयाचे नाही, हा नियम मुलाला कारणासह सांगावा.

चौथे कुलूप पैशांचे. त्याविषयी स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक आहे.

प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, निन्टेन्डो यांसारख्या खेळयंत्रांतही वेळ, आशय व खर्च यांवर मर्यादा घालणारी कौटुंबिक सोय असते. यंत्र घरी आले की मुलाच्या हाती देण्यापूर्वीच ती सुरू करणे सोपे जाते. सवय लागल्यानंतर लावलेले कुलूप शिक्षेसारखे वाटते.

पैशांचे कुलूप

प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीपूर्वी पडताळणी मागण्याची सोय असते. ती 'प्रत्येक वेळी' अशी ठेवावी. फॅमिली लिंकमध्ये मुलाने केलेल्या खरेदीस पालकांची संमती आवश्यक करता येते. आयफोनमध्ये हेच काम 'आस्क टू बाय' या सोयीने होते.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा बँकेच्या गुप्त क्रमांकाचा. अनेक घरांत शिकलेले मूलच घरचे व्यवहार पाहते. त्याच्याविषयी अविश्वास नको. परंतु गुप्त क्रमांक पालकांनी स्वतः टाकावा, मुलाने केवळ तेथपर्यंत पोहोचण्यास मदत करावी. ज्यांना वाचता येत नाही, त्यांनाही चार किंवा सहा अंक लक्षात ठेवणे कठीण नाही. यूपीआय लाइट सुरू असल्यास लहान रकमा गुप्त क्रमांकाविनाच जातात. मूल वापरीत असलेल्या फोनवर ती सोय बंद ठेवावी. आपोआप पैसे कापले जाण्याची एखादी संमती दिली गेली आहे काय, हे पैसे पाठविण्याच्या ॲपमधील 'ऑटोपे' या सदरात पाहता येते व तेथेच ती रद्द करता येते. शस्त्रक्रिया, लग्न, बी-बियाणे यांसाठी जमविलेली मोठी रक्कम मोबाईलशी न जोडलेल्या निराळ्या खात्यात ठेवणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग होय.

पैसे गेल्याचे लक्षात आल्यास वेळ न दवडता खरेदी रद्द करण्याची विनंती करावी. दिवस लोटतील तशी शक्यता कमी होत जाते. फसवणूक झाल्याचा संशय असल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.

घरात एकच फोन असेल तर

वरील बहुतेक सूचना मुलाचा स्वतंत्र फोन गृहीत धरतात. आमच्याकडे येणाऱ्या अनेक कुटुंबांत सर्वांमिळून एकच फोन असतो. अशा वेळी तीन उपाय करता येतात.

काही अँड्रॉइड फोनमध्ये दुसऱ्या वापरकर्त्यासाठी वेगळा कप्पा करता येतो. त्यात मुलापुरतीच ॲप ठेवावीत. बँकेची ॲप पालकांच्या कप्प्यात राहतात. जेथे ही सोय नाही, तेथे एकच ॲप पडद्यावर 'पिन' करून ठेवता येते. मग गुप्त क्रमांक दिल्याविना त्या ॲपमधून बाहेर पडता येत नाही. आयफोनमध्ये याला 'गायडेड ॲक्सेस' म्हणतात. मुलाला एखादी चित्रफीत किंवा शाळेचा धडा दाखविण्यापुरता फोन द्यावयाचा असेल, तेव्हा हा उपाय फार उपयोगी पडतो. तिसरा उपाय म्हणजे पैशांच्या ॲपना स्वतंत्र कुलूप लावणे. बोटाच्या ठशाने उघडणारे कुलूप लावताना मुलाच्या बोटाचा ठसा फोनमध्ये नोंदलेला नाही ना, याची खात्री करावी.

कुलपाच्या मर्यादा

जे कुलूप आपण लावतो, ते उघडण्याची युक्ती मुले एकमेकांना शिकवितात. फोनची तारीख मागेपुढे करणे, ॲपची दुसरी प्रत चालविणे, मित्राच्या फोनवर खेळणे, पालक गुप्त क्रमांक टाकताना नजर ठेवणे, खाते उघडताना खोटे वय भरणे, हे प्रकार आमच्या ऐकण्यात नेहमी येतात. यावर आणखी मोठे कुलूप शोधण्यापेक्षा मुलाशी बोलणे अधिक फलदायी ठरते.

म्हणून आमचे समुपदेशक प्रथम एका कागदावर घरचा करार लिहावयास सांगतात. कोणत्या वेळी, किती वेळ, कोणते खेळ, सुटीच्या दिवशी किती सवलत, आणि नियम मोडल्यास काय, हे मुलाच्या सहभागाने ठरवावे. डाव अर्ध्यावर तोडण्याऐवजी "पंधरा मिनिटे उरली" अशी पूर्वसूचना द्यावी. शक्य असल्यास मर्यादा मिनिटांत न मोजता डावांत मोजावी. करारात मोठ्यांसाठीही कलमे असावीत. जेवताना आणि झोपण्याच्या खोलीत फोन नाही, हा नियम वडिलांना लागू नसेल, तर तो मुलालाही फार दिवस लागू राहात नाही.

वयानुसार कुलूप सैल करीत जावे. सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत पूर्ण देखरेख योग्य; सोळा वर्षांच्या मुलीचे संदेश तिच्या नकळत वाचणे योग्य नव्हे. लपून ठेवलेली पाळत उघडकीस आली की मूल खरी अडचण आली असतानाही पालकांकडे येत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी त्याने येणे सर्वांत आवश्यक असते. काय नियंत्रित केले आहे आणि का, हे मुलाला आधी सांगावे.

ज्या मुलाचा खेळ हाताबाहेर गेला आहे, त्याचा फोन एकाएकी हिसकावून घेऊ नये. अशा वेळी टोकाचा संताप, घर सोडून जाणे किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा असे प्रकार घडू शकतात. वेळ टप्प्याटप्प्याने कमी करावा आणि मोकळ्या झालेल्या प्रत्येक तासात दुसरे काही ठेवावे: मैदान, पोहणे, वाद्य, स्वयंपाकघरातील एखादे काम. रिकामा तास पुन्हा पडद्याकडेच वळतो. पुष्कळदा खेळाआड एकटेपणा, शाळेतील छळ, अभ्यासातील अक्षमता किंवा नैराश्य दडलेले असते. तेथे फोन हे कारण नसून लक्षण असते, आणि उपचार मूळ दुखण्यावर करावे लागतात.

गाव आणि कायदा

एकट्या घराने लढण्यापेक्षा गावाने मिळून नियम केला तर तो पाळणे सोपे जाते. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली असा उपक्रम सुरू केला. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजे, घरोघरचे दूरचित्रवाणी संच व मोबाईल दीड तास बंद होत, आणि साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत मुले अभ्यास करीत. शेजारच्या मुलाचाही फोन बंद आहे, ही खात्री मुलांना पुरेशी होती.

शासनाच्या पातळीवरही प्रयत्न झाले आहेत. चीनने २०२१ साली अठरा वर्षांखालील मुलांना ऑनलाइन खेळांसाठी शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढीच मुभा दिली. आपल्याकडे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये पालक व शिक्षकांसाठी सूचना प्रसिद्ध केल्या. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना प्रतिबंध करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. हे स्वागतार्ह आहे. परंतु आमच्या व्हरांड्यातील मुलगा जुगार खेळत नव्हता, तो आपल्या खेळगड्याला पोशाख आणि शस्त्रे घेत होता. घरातील कुलूप कायद्याला लावता येत नाही, ते घरच्यांनीच लावावे लागते.

रुग्णालयात आल्यावर

रुग्णासोबत येणाऱ्या कुटुंबीयांना आमची नम्र विनंती आहे की, मुलाला शक्यतो घरीच आप्तांजवळ ठेवावे. ते शक्य नसेल, तर फोन देण्यापूर्वी पैशांची ॲप कुलूपबंद करावीत. आमच्या परिचारिकांना आणि समाजसेविकांना ही कुलपे लावण्याची माहिती आहे. विचारण्यात संकोच मानू नये.

मूल खेळापायी जेवण, झोप अथवा शाळा सोडत असेल, थांबविल्यावर हिंसक होत असेल, घरातील पैसे घेत असेल किंवा जिवाचे बरेवाईट करण्याविषयी बोलत असेल, तर त्याला विनाविलंब बालमार्गदर्शन विभागात आणावे. दूर राहणाऱ्यांना केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. संकटात सापडलेल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

देणगीदार आणि विश्वस्त यांच्यापुढे एक गोष्ट ठेवावीशी वाटते. त्या मुलाने तीन दिवस फोन धरला, कारण त्या व्हरांड्यात दुसरे धरण्यासारखे काही नव्हते. एक कपाटभर गोष्टींची पुस्तके, कॅरम, बुद्धिबळाचे दोन पट आणि दुपारी दोन तास मुलांजवळ बसणारी एखादी व्यक्ती एवढे मिळाले, तरी पुष्कळ साधेल. मोठ्या यंत्रांच्या यादीत ही मागणी किरकोळ वाटेल; तिचा विचार व्हावा, ही प्रार्थना.

त्या कुटुंबाविषयी एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करतो. आई फेरतपासणीसाठी आली, तेव्हा बाप-लेक दोघेही सोबत होते. गुप्त क्रमांक बदलला होता आणि तो आता वडिलांनाच ठाऊक होता. खेळ मुलाने सोडलेला नव्हता. सायंकाळी एक तास, अंगणात, सर्वांसमोर खेळावयाचा असे ठरले होते. वडिलांनी खिशातून फोन काढून बँकेचा एक संदेश समुपदेशकांना दाखविला आणि त्यातील रक्कम बोट ठेवून, अंक जुळवीत, स्वतः वाचली. शिकविले कोणी, असे विचारता ते मुलाकडे पाहून हसले.